तिला गोड आवडत नाही

‘तिला गोड आवडत नाही,’ भिंगवाला म्हणाला, आणि बाईंच्या हातातली पेन्सिल कागदावर होती तिथंच थांबली. लेकीचा हा होणारा नवरा स्टुलावर गुडघे जवळ घेऊन, अवघडून बसला होता. ‘म्हणजे कमी आवडतं असं नाही. अजिबातच नाही. नुसत्या वासानंसुद्धा तिला…’ इथं आपलं काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. ‘तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा.’ बाई हसल्या. आता आईलाच ठाऊक नसेल तर कुणाला असणार, असं काहीतरी म्हणाल्या, आणि कागदावर एक रेघ ओढून त्याला पुढं बोलायची खूण केली. तो पुढं बरंच बोलला, ते त्यांनी लिहूनही घेतलं, पण त्यातलं काही त्यांच्या डोक्यात गेलं नाही.

लग्नाचा केक सांगायला येणाऱ्या जोडप्यांना बाई कधी एकत्र बसवत नसत. आधी एक, मग दुसरा. आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तुझं राहू दे, त्याला काय आवडतं ते सांग. तुझं राहू दे, तिला काय आवडतं ते सांग. आपल्या आवडी काय, सगळेच सांगतात, आणि त्यातल्या निम्म्या सांगण्यापुरत्याच असतात. दुसऱ्याच्या सांगायला लागलं की माणूस उघडा पडतो. एका नवरदेवानं ‘तिला मी आवडतो’ एवढंच सांगितलं होतं आणि वर कॉलर नीट केली होती. आता केकवर काय करायचं, ह्याचा पुतळा? कुणी पहिल्या प्रश्नालाच मोबाइल काढून तिचे फोटो दाखवायला लागे, कुणी गप्प बसून घाम पुसे. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि त्यातून मजले ठरवायच्या, रंग ठरवायच्या, आत काय घालायचं ते ठरवायच्या. दुसरा नियम असा, की कापायच्या क्षणापर्यंत केक झाकलेला. नवराबायकोनं तो आधी बघायचा नाही, चाखायचा नाही. लोक म्हणायचे, बाईंना माणसं कळतात. बाई हातानं नाही नाही म्हणायच्या, पण ऐकायला कान टवकारलेले असायचे.

घरच्या लग्नाला नियम मोडायचा म्हणजे मग तो नियम कसला? म्हणून आदल्या दिवशी त्यांनी लेकीलाही त्याच स्टुलावर बसवलं होतं. ती आधी हसून हसून बेजार झाली, आणि मग बोलत सुटली. चष्म्याच्या कारखान्यात तो पोटापुरतं काम करतो, पण जीव त्याचा दुर्बिणीत आहे. दुर्बिणीचा आरसा विकत आणत नाही, स्वतः घासतो. पिंपावर काच, त्या काचेवर काच ठेवून त्याभोवती फेऱ्या मारत महिनोन् महिने घासायचं, आणि घासताना एक अक्षर बोलायचं नाही. दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं, तर ते सुलट करायची सोय असूनही तो करत नाही. म्हणतो, डोळ्याला सवय झाली की हेच सुलट. आल्याची बिस्किटं आवडतात. अंधार आवडतो. आणि मग बोलता बोलता ती म्हणाली, की लांब तिकडे एका वेधशाळेचे मोठे आरसे घडवतात, त्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं, पण तो नाही म्हणाला. ‘का गं?’ बाईंनी विचारलं. ‘असंच,’ लेक म्हणाली, आणि टेबलाला चिकटलेलं वाळकं क्रीम नखानं खरवडत बसली. बाईंनी त्या ‘असंच’ला पुढं हात लावला नाही. माडीवरची खोली त्यांनी त्या दोघांसाठी रंगवून घेतली होती. देव देतोय तर नाही कशाला म्हणा, असं म्हणून त्या आतून सुखावल्या होत्या.

आणि आज हा बाबा म्हणतो, तिला गोड आवडत नाही. तो गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि कागद पुन्हा वाचला. अक्षर त्यांचंच होतं. सायकल चढावर चालवायला आवडते, उतारावर नाही. समोरून वारा आला तर खूश. बिनसाखरेची काळी कॉफी. पावाची करपलेली कड. लिंबाच्या फोडीला मीठ लावून चोखते. पहाटे उठून गच्चीत नुसती उभी राहते, तेव्हा तिच्याशी बोललेलं आवडत नाही. स्वतःचा फोटो आवडत नाही. वाचता वाचता बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचा पोर, आणि मला माझ्या पोरीची जीभ शिकवतो! त्यांच्या मनात तिचा केक केव्हापासून तयार होता. ती शाळेत होती तेव्हापासून म्हटलं तरी चालेल. पांढराशुभ्र, आत संत्र्याचं क्रीम, वरून साखरेची फुलं, आणि कडेनं खाली ओघळलेली साखरेची नाजूक जाळी. संत्र्याचं क्रीम म्हणजे तिचा जीव की प्राण. असं कोण म्हणालं होतं? ती म्हणाली होती? बाई आठवू लागल्या. ‘बरोबर झालंय’ असं ती म्हणाल्याचं आठवत होतं. ‘आता साखर पुरे’ असं म्हणाल्याचं आठवत होतं. ‘मला दे ना आणखी’ हे मात्र काही केल्या आठवेना, आणि मग बाई उठून उगीचच भांडी घासायला लागल्या.

कारण खरी गोष्ट अशी होती, की बाईंना चव कळत नव्हती. आज नाही, काल नाही, वर्षानुवर्षं नाही. एकदा तापानं अंथरूण धरलं, आणि ताप उतरला तो नाकातला वास आणि तोंडातली चव दोन्ही घेऊन उतरला. मिरीची आग तेवढी कळे, बर्फाचा गारठा कळे. बाकी काहीही घातलं तरी तोंडात नुसता ओला कापूस. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. ती काही आली नाही. नवरा तोपर्यंत दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला होता, आणि पदरात काय, तर एक भट्टी, केकची चार गिऱ्हाइकं आणि ही लेक. तेव्हा ती एवढीशी होती. एक केक खोक्यात घालून, फीत बांधून तयार होता, आणि ही उपड्या खोक्यावर उभी राहून भांडं चाटत होती. चाटता चाटता थांबली आणि म्हणाली, ‘आई, लोणी खवट आहे.’ बाईंनी फीत सोडली, केक कचऱ्यात टाकला, आणि त्या पोरीला अशी काही कवटाळली की ती घुसमटली. त्या दिवसापासून बाईंची जीभ म्हणजे ती. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी चमचा. खेळायला निघाली की दारात चमचा. दुकानात गिऱ्हाईक असलं तर ती आईच्या कानाशी येऊन सांगायची, लिंबू जास्त, व्हॅनिला कमी, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं पोर लाडात आलीय. चव न कळणाऱ्या बाईकडून केक कोण घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघींनी ती मूठ इतकी वर्षं झाकून धरली होती, आणि बाईंना वाटायचं, आपल्यासारख्या मायलेकी शोधून सापडायच्या नाहीत.

आता मनात पाल चुकचुकली ती वेगळीच. हिनं त्याला सांगितलं असेल का? ‘नुसत्या वासानंसुद्धा’ म्हणाला तो. वासाचं कुठून काढलं त्यानं? माझं नाक गेलेलं कळलंय की काय? सांगितलं असेल तर उद्या तो कारखान्यात सांगेल, कारखान्यातला कुणी बायकोला सांगेल, आणि बायको कुठं थांबणार आहे? बाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. एकदा वाटलं लेकीला सरळ विचारावं. मग वाटलं, विचारायचं म्हणजे काय विचारायचं? माझं गुपित फोडलंस का, की तुला गोड आवडत नाही का? ह्यातला पहिला प्रश्न आधी सुचला, याची त्यांना स्वतःशीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून भीती गेली असं काही झालं नाही.

संध्याकाळी त्यांनी संत्र्याचं क्रीम घोटलं. कुणाची ऑर्डर नव्हती, काही नव्हतं. लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बिनचवीची नोकरी, असं बाई तिला चिडवायच्या. ती सायकलवरून आली, हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा वाऱ्यानं लाल. बाईंनी नेहमीसारखा चमचा पुढं केला. तिनं नेहमीसारखा तोंडात घातला, क्षणभर डोळे वर लावले आणि म्हणाली, ‘साल जरा कडवट उतरलीय. साखर ठीक.’ आणि नेहमीसारखीच मोरीशी जाऊन चूळ भरली. हे बाईंनी हजार वेळा पाहिलं होतं. चाखणाऱ्याला जीभ स्वच्छ लागते, तशी ती धुते, एवढंच त्यांनी धरलं होतं. आज त्यांनी मोरीवरच्या खिडकीच्या काचेत बघितलं. लेकीनं डोळे गच्च मिटले होते, जबडा आवळला होता, एक हात मोरीच्या कडेवर दाबून धरला होता, आणि ती काहीतरी ओसरायची वाट बघत उभी होती. मग पुन्हा चूळ. मग अंगठ्यानं जीभ घासून पुन्हा एकदा. वळली तेव्हा चेहरा साधा, हसरा, रोजचा. बाईंनी विचारलं, ‘आवडलं?’

‘चांगलं झालंय म्हटलं ना.’

‘ते नाही विचारलं. तुला आवडलं का?’

लेकीनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी इथं विचारला नव्हता. ‘हो की,’ ती म्हणाली, आणि आंघोळीला निघून गेली.

मग बाईंना एकेक दिसायला लागलं, नको नको म्हटलं तरी. शाळेतल्या मैत्रिणींच्या वाढदिवसांना ही जायची नाही. पोटात दुखतंय म्हणायची. जेवताना भातावर लिंबू पिळायची ते थांबायचीच नाही, आणि बाई म्हणायच्या, कसली गं तुझी आंबट तोंडाची जात. एकदा तिला ताप होता, अंग भाजत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मोठी ऑर्डर. ‘आज तोंडाला चव नाही, आई,’ असं ती म्हणाली होती. आणि आपण काय म्हणालो? एवढा एक चमचा चाट, मग खुशाल झोप. तिनं चाटला होता. बरोबर सांगितलं होतं. मग उलटी केली होती, आणि आपण ती तापाची समजून पुसून काढली होती. आणि ते ‘असंच’! आता कसलं असंच? तो नाही म्हणाला नव्हता, हिनं त्याला नाही म्हणायला लावलं होतं. आईचं कसं होणार, म्हणून. त्यानं ऐकलं होतं. आयुष्यभर पिंपाभोवती फिरून काच घासणारा माणूस, त्याला एकदाच बोलावणं आलं, आणि माडीवरच्या खोलीसाठी, एका चमच्यासाठी, त्यानं ते सोडून दिलं होतं. त्याच्या तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नाही. तिला गोड आवडत नाही, एवढंच बोलला, तेही चुकून. बाईंना त्याचा राग राग आला, आणि रडूही आलं.

पण माणूस म्हणजे मोठं लबाड जनावर. लग्नाला थोडेच दिवस उरले होते, आणि त्या दिवसांत बाईंनी मनाशी सगळे हिशेब मांडून बघितले. काहीच बोलायचं नाही. संत्र्याचा केक करायचा. ती चाखेल, ‘छान’ म्हणेल, माडीवर राहायला येईल, आणि सकाळी खाली उतरताना चमचा तोंडात घेऊन कामाला जाईल. तिनं मागितलंय का काही? नाही ना? मग? आपण होऊन खाजवून खरूज कशाला काढा? आपण म्हाताऱ्या झालो, भट्टी बंद झाली तर पोटाला काय, लोक काय म्हणतील, इतकी वर्षं फसवलं म्हणतील. असं सगळं पटवून झालं की त्यांना जरा बरं वाटायचं. मग लेक बाहेरून यायची, हसत चमच्यासाठी तोंड उघडायची, आणि बाई म्हणायच्या, आज काही नाही, आज सुट्टी. लेक चकित व्हायची. काय गं, बरं नाही का तुला, म्हणून कपाळाला हात लावून बघायची. तो हात कपाळावर असेपर्यंत बाईंना श्वास घेता यायचा नाही. एकदा तर तिनं जाता जाता स्वतःच भांड्यात बोट घातलं, सवयीनं, आणि बाई इतक्या जोरात ‘ठेव ते’ म्हणाल्या की दोघीही दचकल्या.

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता त्या भट्टीपाशी आल्या. खालचे मजले आदल्या दिवशीच झाले होते. ते गोड होते, हाताला पाठ होते, त्यात जिभेचं काम नव्हतं. काळपट निळा रंग, त्यावर चांदण्या, पण उलट्या. भिंगवाल्याला दुर्बिणीतून दिसतं तसं आकाश, त्याच्याच एका नकाशावरून उतरवून घेतलेलं. त्याच्याभोवती खालून वर चढत गेलेला एक रस्ता, नुसता चढाचा, उतार कुठंच नाही. त्या रस्त्यावर सायकल नव्हती की नवरानवरीच्या बाहुल्या नव्हत्या. फोटो न आवडणाऱ्या मुलीची बाहुली कशाला करायची? राहिला होता सगळ्यात वरचा मजला. नवरानवरी कापतात तो. बाईंनी संत्री उचलून टोपलीत मागं टाकली. मैदा घेतला, अंडी फोडली, खारं चीज किसलं, लिंबाची साल किसली, मिरी भरडली. साखरेच्या डब्याकडे पाठ केली. असला केक त्यांनी जन्मात केला नव्हता. मिठाचा चमचा भरला आणि हात हवेत राहिला. चिजात मीठ असतं. किती असतं? आणखी किती लागेल? इतकी वर्षं अशा वेळी त्या हाक मारायच्या आणि जिन्यावरून उत्तर यायचं. आता वरच्या खोलीत लेक जागी झाली होती, पावलं वाजत होती, एक हाक मारायची खोटी. बाईंनी कच्चं पीठ जिभेवर ठेवलं. गार. खरखरीत. मिरी जराशी चावली. बाकी ओला कापूस. आपण आज भर मांडवात पोरीच्या तोंडात मिठाचा खडा घालणार, किंवा माती घालणार, आणि आपल्याला ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळणार. चमच्यातलं थोडं मीठ त्यांनी परत टाकलं. मग पुन्हा घेतलं. मग सगळं ओतून, साचा भट्टीत सरकवून दार लावलं, आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

सभागृहात माणसं फार नव्हती. कारखान्यातले काही जण, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी, गल्लीतली मंडळी, आणि बाईंची जुनी गिऱ्हाइकं, ज्यांच्या लग्नापासून पोरांच्या वाढदिवसांपर्यंत सगळे केक बाईंच्या हातचे. वरून कापड काढलं तेव्हा भिंगवाल्यानं आधी मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो जवळ गेला, बोटानं हवेत काहीतरी मोजलं, लेकीच्या कानात बोलला, आणि दोघं हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना ते सगळं लांबून कुठूनतरी ऐकू येत होतं. दोघांनी मिळून सुरी धरली, वरच्या मजल्याचा तुकडा निघाला, बाहेरून पांढरा, आतून पिवळसर, आणि त्यानं तो तिच्या तोंडात दिला. लेकीनं तो घ्यायच्या आधी, कुणाला दिसणार नाही असा, खोल श्वास घेतला. बाईंना दिसला. पाण्यात बुडी मारायच्या आधी घेतात तसा होता तो.

तिनं चावलं. चावता चावता थांबली. भुवया वर गेल्या. तिनं आधी तुकड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग आईकडे. घास तोंडात असतानाच ती गर्दीतून वाट काढत बाईंजवळ आली आणि सवयीनं त्यांच्या कानाशी वाकली. मीठ किती, मिरी किती, काय चुकलं, काय बरोबर; ते शब्द तिच्या ओठांवर आले होते, आणि बाईंना ते ऐकायचे होते, जीव तळमळत होता त्यांचा ऐकायला. त्यांनी मान बाजूला घेतली.

‘मला सांगू नकोस,’ बाई म्हणाल्या. ‘तू नुसतं खा.’

लेक तशीच वाकलेली राहिली. तेवढ्यात लोणीवाले काका आपली बशी घेऊन आले. बाईंच्या भट्टीला पहिल्यापासून लोणी त्यांचंच. वरच्या मजल्याचा एक कोपरा त्यांच्याही वाट्याला आला होता, आणि तोंड भरलेलं असतानाच ते, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘अहो बाई, हे काय केलंय काय तुम्ही? ह्याची चव कशी म्हणायची?’

लेक झटकन वळली. उत्तर द्यायचं काम तिचं होतं. तिनं तोंड उघडलंही. बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

‘मला नाही माहीत,’ त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. ‘मला चव कळत नाही, काका. ताप आला होता, तेव्हापासून नाही. आजवर ही सांगत होती. आता ही लांब जायचीय, दोघंही जायचीत, त्याच्या आरशांच्या कारखान्यात. तेव्हा आता तुम्हीच सांगा, कशी झालीय.’

काकांना ती थट्टा वाटली. ते हसले, त्यांच्या मागचे दोघंतिघं हसले, आणि मग बाईंच्या तोंडाकडे बघून एकेक जण हसायचा थांबला. भिंगवाला सुरी हातात धरून जागच्या जागी उभा होता. कुणीतरी बशी खाली ठेवली. काकांनी तोंडातला घास गिळला, उरलेला तुकडा नीट निरखून पाहिला, आणखी एक घास घेतला आणि विचार करत करत, अडखळत सांगायला लागले, की खारट आहे, पण फार नाही, लिंबू लागतंय. आणि बाजूला लेक रडत होती, नाक वाहत होतं, ते पुसायचंही भान तिला नव्हतं, आणि ती हातातला तुकडा खात होती.